तेल प्यालेला कोबा

मित्रांनो, मी एका गॅरेजचा जुना कोबा आहे. कोबा म्हणजे खडी, वाळू आणि सिमेंट कालवून ओतलेली जमीन. गवंड्याने मला घोटून सपाट केले, पंधरा दिवस पाणी मारले, आणि तेव्हापासून मी पडून आहे. नुसते पडून राहणाऱ्याला काळजी कसली, असे तुम्हाला वाटेल. पण माझाही जीव टांगणीला लागला होता, ती गोष्ट सांगतो.

माझे मालक मोटारी दुरुस्त करत. कामात वाघ, पण धुळीचे त्यांना भारी वावडे. रोज संध्याकाळी ते फडक्यावर इंजिनाचे जुने तेल घेत आणि मला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पुसत. धूळ उडत नसे आणि मी चकाकत असे. "कोबा आहे की आरसा?" असे गिऱ्हाइके म्हणत. मालक मिशीतल्या मिशीत हसत आणि मीही हुरळून जाई. बावीस वर्षे मी ते तेल पीत राहिलो.

एका सकाळी मालकांचा पाय माझ्यावरून सटकला आणि खुब्याचे हाड मोडले. मालकीणबाई नुकत्याच बादली घेऊन तिथून गेल्या होत्या. "हिनं पाणी सांडलं," मालक कण्हत म्हणाले. मित्रांनो, पाण्याचा एक थेंबही नव्हता. पण मला तोंड कुठे आहे? बाईंनी तो दोष मुकाट्याने पदरात घेतला. त्यानंतर त्या गॅरेजात आल्या की कोरडी जागासुद्धा वाकून वाकून पुसत.

मालक शनिवारी दवाखान्यातून घरी येणार होते, आणि घरात जायची वाट माझ्यावरूनच होती. पुन्हा पडले तर उभे राहणे कठीण, असे डॉक्टरांनी बजावले होते. म्हणून त्यांच्या मुलीने माझ्यावर पाय न घसरणाऱ्या खरखरीत रंगाचा जाड थर द्यायचे ठरवले. सोमवारी रंगारीकाका आले.

"काका, झाडून लगेच लावा. कसा लख्ख आहे बघा," मुलगी म्हणाली.

माझी पाचावर धारण बसली. तेलावर रंग धरत नाही. महिन्याभरात पापुद्रे सुटतील, एखाद्यात मालकांची काठी अडकेल, आणि पुढचे मला मनातही आणवेना. काकांनी डब्याचे झाकण उचकटले. मग काय वाटले कोण जाणे, त्यांनी ते परत ठेवले.

"थांब. आधी याला पाणी पाजून बघू. पाणी प्यायला तर रंग धरेल."

त्यांनी ओंजळभर पाणी शिंपडले. ते जिरले नाही. थेंब जागच्या जागी गोल होऊन बसले.

"हा तेलानं तुडुंब आहे," काका म्हणाले. "बोट फिरव, कळेल."

मुलीने बोट टेकवले. ते सर्रकन घसरले. ती बराच वेळ बोटाकडे बघत राहिली, मग तिने वडिलांना स्पीकरवर फोन लावला. बाई दारातच उभ्या होत्या.

"बाबा, तुम्ही कोबा कशानं पुसायचात?"

"तेलानं. धूळ बसायची त्यानं." मग त्यांनी विचारले, "आई आहे का तिथं?"

"आहे. ऐकतेय."

"तिला सांग, पाणी नव्हतं. मला तेव्हाच कळलं होतं."

बाई भिंतीला धरून पायरीवर बसल्या.

मग काकांनी मला तेल काढणाऱ्या साबणाने तीनदा घासले आणि दुसऱ्या दिवशी यंत्राने खरवडले. फार दुखले. पण पुन्हा पाणी शिंपडले तेव्हा मी ते घटाघटा प्यालो. रंग घट्ट बसला.

शनिवारी मालक काठी टेकत दारापर्यंत आले आणि थबकले. पाऊल उचलेना. भीती त्यांना माझी होती की बाईंच्या नजरेची, हे मला आजही सांगता येणार नाही.

मित्रांनो, जमीन झाकायची असेल तर आधी ती मनापासून घासा. वरच्या चकाकीला भुलू नका. आतले तेल बाहेर येताना सगळ्यांनाच त्रास होतो, पण ते आत राहिले तर कोणाचा तरी पाय जातो.

बाई आधी माझ्यावर उतरल्या, चार पावले चालल्या आणि वळून त्यांनी हात पुढे केला. "या," त्या म्हणाल्या. "आता खरं बोललात, आता नाही पडणार."

मालकांनी पाऊल टाकले. मी ते घट्ट धरून ठेवले.