वजनाला ठेवलेली नळी

मित्रांनो, दचकू नका. दवाखान्याच्या माळ्यावर मोडक्या खुर्चीशेजारी पिवळी पडलेली जी पेटी दिसते, तीच बोलते आहे. मी रक्त फिरवणारी एक जुनी मशीन आहे. दातांच्या या दवाखान्यात मला सगळे 'चक्री' म्हणत.

पत्रा, तारा, एक मोटर आणि नळ्या ठेवायची गोल फिरकी, एवढाच माझा संसार. काम मात्र मोठं. जबड्यातला सडका भाग काढला की हाडात खड्डा उरतो. तो भरून यावा म्हणून डॉक्टरबाई त्याच रुग्णाच्या दंडातून थोडं रक्त काढून लगेच माझ्या हवाली करत. मी गरगर फिरले की लाल भाग तळाशी बसे आणि वर पिवळसर, जेलीसारखा गोळा धरे. तो खड्ड्यात ठेवून वरून टाके घालत. ज्याचं रक्त, त्यालाच औषध! बरे झालेले रुग्ण माझं झाकण थोपटून जात. मीही फुशारून जाई, खोटं कशाला बोलू?

माझी अट एकच. एका बाजूला नळी ठेवली की समोर तेवढ्याच वजनाची दुसरी हवी, नाहीतर मी थयथयाट करते. त्यासाठी पाण्याने भरलेली एक नळी असे. ती एकदा मदतनीस ताईंच्या हातून फुटली. ताई कामाला वाघ, पण आजचं भागलं ना, मग झालं, असा स्वभाव. त्याच दिवशी बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणाऱ्या काकांची शस्त्रक्रिया झाली होती आणि त्यांच्या रक्ताची एक नळी उरली होती. वजन बरोबर जमलं. ताईंनी ती पाण्याच्या नळीच्या जागी ठेवली, आणि ती तिथेच राहिली.

इतरांची रक्तं फिरून झाली की शांत होत. काकांचं होत नसे. मोटर बंद व्हायची, फिरकी थांबायची, तरी त्या नळीत काहीतरी हळूहळू फिरतच राही. दार शोधत भिंत चाचपावी तसं. मला भीती वाटे, मित्रांनो. मशीनलाही वाटते.

तिकडे काकांचा खड्डा काही भरेना. दर एक्स-रेत तेच काळं भोक. "काका, आता हाड धरलं नाही तर तेवढा भाग कापावा लागेल," डॉक्टरबाई एकदा म्हणाल्या. जबडा कापल्यावर ट्रम्पेट कसं फुंकणार? काकांना दुसरं काहीच येत नव्हतं.

तेवढ्यात ताईंनी दुसऱ्या कुणाचं रक्त ठेवून मला चालू केलं. काकांनी गाल गच्च दाबला.

"बंद करा ते! माझ्या जबड्यात फिरतंय."

"काका, मशीन तिकडे, जबडा इकडे. मनाचे खेळ असतात," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"घरीपण होतं हो," सोबत आलेल्या त्यांच्या बायको, काकू, म्हणाल्या. "घास तोंडात धरून बसतात. म्हणतात, थांब, आत्ता फिरतंय. थांबलं की गिळतो."

मी थांबले. काकांचा हात गालावरून खाली आला. ते पाहताच काकू तरातरा आल्या आणि त्यांनी झाकण उघडलं. एक नळी ताजी, लाल. समोरची काळीठिक्कर. तिच्यावरच्या चिठ्ठीवर त्यांच्या नवऱ्याचं नाव होतं.

"हे ह्यांचं रक्त. अजून इथं काय करतंय?"

ताई लगबगीने पुढे आल्या. "वजनाला... वजनाला ठेवली होती, काकू."

"वजनाला? म्हणजे इतके महिने माझ्या माणसाला गरगर फिरवताय होय तुम्ही?"

कुणी हसलं नाही. डॉक्टरबाईंनी स्वतः ती नळी काढून रीतसर टाकून दिली.

पुढच्या एक्स-रेत हाड धरू लागलं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, औषध बदललं म्हणून. म्हणोत बिचाऱ्या. काका पुन्हा बँडमध्ये उभे राहिले. माझ्या वाटेला मात्र कुणी फिरकेना. ताई तर माझ्याकडे पाठ करून उभ्या राहत. नवी मशीन आली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली.

एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही. नळी ओढून काढताना तिचं बूड तडकलं आणि एक थेंब माझ्या खोबणीत सांडला. तो तिथेच वाळला. परवा सामान आवरताना ताईंनी चालते का बघायला वायर जोडून माझी कळ दाबून पाहिली. मी क्षणभर फिरले. दुसऱ्या दिवशी काकू खाली सांगत होत्या, "काल वाजवता वाजवता मधेच थांबले. गाल धरून बसले. म्हणाले, फिरलं."

उद्या मला दुसऱ्या दवाखान्यात नेणार आहेत. तिथे मी रोज चालणार. मित्रांनो, माणसाच्या अंगातून काढलेलं काहीही नुसतं वजन नसतं. तुमच्यापैकी कुणी मला उचलायला आलात, तर आधी ओला बोळा घेऊन माझी खोबण पुसा, नीट, तळापर्यंत. काका अजून वाजवतात हो.