अंगणातल्या दोन खुर्च्या

रविवार, ११ जानेवारी २०२६. सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे. मागच्या दारापासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत शहाबादी फरश्या अठ्ठेचाळीस. शेवटच्या फरशीवर पाणसळ ठेवून बाळ टिपणीस ओणवे झाले आणि नळीतला बुडबुडा स्थिर होण्याची वाट पाहू लागले.

“काका, पानी बराबर जातंय,” थापी धुता धुता काळुराम गवंडी म्हणाला. मानपाड्याहून तो दोन आठवडे रोज येत होता. “दोन बादल्या वतल्या, येक थेंब ऱ्हायला नाय. आता अजून कवरा मोजशाल?”

“मोजून झालं की माणूस निर्धास्त चालतो, काळुराम.”

“चालनार कोन, ते तर सांगा. मी आलो तवापासून काकी दाराशी पन नाय आल्या.”

बाळ टिपणिसांनी पाणसळ फडक्याने पुसून पेटीत ठेवली.

श्रावणात इमारतीच्या पुढच्या पायऱ्यांवरून त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई घसरल्या. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला. घरातल्या तीन खोल्यांत त्या आता बऱ्यापैकी फिरत असत. उंबरठ्याबाहेर मात्र त्यांनी पाऊल टाकले नव्हते. दिवाळीनंतर डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले होते, “आता माझ्याकडे औषध उरलेलं नाही. त्यांना उन्हात न्या, बाहेर चालवा. अशाच आत राहिल्या, तर हळूहळू अंथरूण धरतील.”

बाळ टिपणिसांनी तरुणपणी तंत्रनिकेतनातून पदविका घेतली होती आणि सारी नोकरी एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात आराखडे काढण्यात घालवली होती. पत्नीच्या मनातली भीती हा त्यांच्या दृष्टीने आराखड्यातला दोष होता, आणि दोष शोधला की सापडतो, अशी त्यांची श्रद्धा होती. डोंबिवली पूर्वेच्या त्या जुन्या सोसायटीत त्यांचे घर तळमजल्यावर. घरामागची मोकळी पट्टी सोसायटीने देखभालीसाठी त्यांच्याकडेच सोपवलेली. वर्षानुवर्षे तेथे फुटक्या कुंड्या, एक गळकी टाकी आणि अळूचे रान होते. तेच आता ओळखू येणार नाही असे झाले होते.

मागच्या दाराचा उंबरठा त्यांनी काढून टाकला. डोळ्यांना न जाणवणारा, पण चाकांना आणि पायांना सोसणारा उतार दिला. प्रमोदिनीबाई ओट्याशी उभ्या असताना त्यांच्या कोपराची उंची घेऊन त्याच उंचीवर कठडा बसवला. वर बांबूचा मांडव घालून जाळी अशी ताणली, की सकाळचे ऊन गुडघ्यांवर पडावे, डोळ्यांवर नाही. तुळस, मोगरा आणि अबोलीच्या कुंड्या घडवंच्यांवर चढवल्या, म्हणजे पाणी घालताना वाकावे लागू नये. डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली होती, म्हणून वेताच्या दोन खुर्च्यांचे पाय वाढवून घेतले. मागच्या गल्लीतून लोकांची स्टेशनकडे सतत ये-जा असे. त्या बाजूला बुटक्या भिंतीवर पुरुषभर उंच बांबूची चटई उभी केली. आत शांतता हवी, ही त्यांच्या आराखड्यातली पहिली अट होती.

काळुराम गेल्यावर त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन जाहीर केले, “झालं. चल.”

प्रमोदिनीबाई वॉकर टेकत मागच्या दारापर्यंत आल्या. त्यांनी फरशी पाहिली, कठडा पाहिला, अबोलीला आलेली कळी पाहिली.

“सुंदर केलंत हो. अगदी मनापासून सांगते.”

“मग ये ना. कठड्याला हात लाव, आपोआप पुढे येशील.”

“उद्या येते. आज पोळ्यांची कणीक भिजवून ठेवलीये.”

त्या वळल्या. वॉकरच्या रबरी पायांचा आवाज स्वयंपाकघराकडे गेला.

दुसऱ्या दिवशी ऊन कडक होते. तिसऱ्या दिवशी वारा होता. संक्रांतीला हाताला गूळ चिकटला होता. प्रत्येक कारणावर बाळ टिपणीस उपाय शोधत गेले. उन्हासाठी जाळी दुहेरी केली, वाऱ्यासाठी चटई आणखी घट्ट बांधली, खुर्चीला डोके टेकायला उशी लावली. अंगण दिवसेंदिवस अधिक आरामशीर होत गेले आणि त्यात दिवसेंदिवस ते एकटेच बसत राहिले.

शनिवारी ठाण्याहून लेक क्षिप्रा आली. शीळफाट्याच्या कोंडीत तासभर अडकल्याने ती वैतागलेली होती. पण मागचे दार उघडताच तिचा चेहरा खुलला.

“बाबा! काय केलंयस हे! सिरियसली, रिसॉर्ट वाटतंय. आमच्या चौदाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत एक कपडे वाळवायचा स्टँड मावतो फक्त.”

“बस. चहा आणतो.”

ती बसली. पाय लांब केले. थोड्या वेळाने तिने इकडेतिकडे पाहिले. “आई कितीदा बसली इथे?”

“अजून नाही बसली.”

“म्हणजे एकदाही नाही?”

बाळ टिपणीस कठड्यावरची धूळ पुसू लागले. क्षिप्राने आवाज खाली आणला. “मग माझं ऐक. तुम्ही दोघं आता आमच्याकडे या. लिफ्ट आहे, खाली बाग आहे. इथे ती अशीच आक्रसत जाणार.”

“मला पंधरा दिवस दे.”

“अरे, पण पंधरा दिवसांत तू आणखी काय बांधणार आहेस?”

क्षिप्रा गेल्यावर संध्याकाळी ते आराखड्याचा कागद घेऊन प्रमोदिनीबाईंच्या समोर बसले. “यात काय चुकलंय, तेवढं सांग. मला राग येणार नाही.”

प्रमोदिनीबाईंनी चष्मा लावला. त्या जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवत होत्या. कागद तपासायची सवय सुटली नव्हती. कागदाच्या उजव्या बाजूला, मांडवाच्या उंचीचा अंदाज यावा म्हणून, पेन्सिलने एक माणूस काढलेला होता. हात सरळ, पाय सरळ, चेहरा कोरा.

“हा कोण?”

“कोणी नाही. मापासाठी काढतात तसा.”

“तेच.” त्यांनी चष्मा काढला. “तुमच्या चित्रात माणूस मापापुरता असतो.”

बाळ टिपणिसांनी कागद स्वतःकडे वळवून त्या माणसाकडे पाहिले.

“मी पुढच्या पायरीवर बसायचे ना, ती काय आरामाची होती? कडेनं फुटलेली, खाली मांजर, वर पहिल्या मजल्यावरच्या रतनच्या धुण्याचं पाणी ठिबकायचं. पण पाच वाजले की मला कोणी ओढून न्यावं लागायचं नाही. वाल घेऊन बसलं, की सोलायला आणखी चार हात यायचे. कोणाची सून कशी, कोणाला नोकरी लागली, कोण कोपरला जागा बघतंय, सगळं बसल्या जागी कळायचं.” त्यांनी कागदावरच्या भिंतीवर बोट ठेवले. “आणि आता मागे तुम्ही चटई लावलीत.”

“लोक बघतात म्हणून.”

“अहो, मला दिसतात का ते लोक? दोन खुर्च्या मांडल्यात. एकीत तुम्ही, एकीत मी. आपण दोघं एकमेकांकडे बघत बसायचं, ते आतही बसतोच की!”

“रतनवहिनी स्वतःहून येत का नाहीत?”

“कशी येईल? मी दवाखान्यातून आले तेव्हा तुम्ही दारात उभे. ‘दहाच मिनिटं बसा, मोठ्यानं बोलू नका.’ वर घड्याळ बघितलंत. ती बाई परत पाऊल टाकेल?”

त्यांना ते आठवले. त्या वेळी ते त्यांना अत्यंत योग्य वाटले होते.

पुढच्या शुक्रवारी सकाळी ते बाजारातून कडवे वाल घेऊन आले. रात्री ते त्यांनी स्वतः भिजत घातले, आणि शनिवारी उपसून फडक्यांत बांधले. रविवारी रथसप्तमी होती. सकाळी मोडांनी तटतटलेली गाठोडी पाहून प्रमोदिनीबाईंनी कपाळाला हात लावला.

“अहो, दोन माणसांना वाटीभर पुरतात! हे तीन किलो आहेत. सोलणार कोण?”

“तोच हिशोब आहे,” बाळ टिपणीस म्हणाले आणि जिना चढून गेले.

पहिल्या मजल्यावर रतनबाईंनी दार उघडले. त्या मूळच्या संगमेश्वराकडच्या. नवरा महिपत पेपर वाचत होता; त्याने पेपरावरून नुसते डोळे वर केले.

“वहिनी,” बाळ टिपणिसांनी घसा साफ केला. वाटेत तयार केलेले वाक्य त्यांना आठवेना. “वाल जास्त भिजलेत.”

“मग?”

“पाच वाजता मागे अंगणात सोलायला याल का? येताना आणखी कोणी असतील तर त्यांनाही घेऊन या.”

“किती मिनिटं बसायचं, भाऊजी?”

महिपतचा पेपर हलू लागला. बाळ टिपणिसांनी मनगटावरचे घड्याळ सोडवले आणि खिशात टाकले. “वाल संपेपर्यंत.”

“आणि आवाज?”

“तुमचा नेहमीचा.”

“बघा हां! नेहमीचा आवाज स्टेशनापर्यंत जातो म्हणतात,” रतनबाई म्हणाल्या आणि हसल्या.

खाली येऊन त्यांनी पक्कड घेतली, बांबूच्या चटईच्या तारा एकेक करून कापल्या आणि चटई गुंडाळून ठेवली. गल्ली एकदम अंगणात आली. स्कूटरवरून जाणाऱ्या एका मुलाने वळून पाहिले. भाजीवाल्याने गाडी थांबवून विचारले, “आजोबा, मेथी देऊ काय?” त्यांनी घेतली.

पाच वाजता रतनबाई आल्या, त्या एकट्या नव्हत्या. नात सान्वी होती, वरच्या मजल्यावरची प्राची होती, मागच्या इमारतीतल्या दोघी होत्या. महिपतही हातात पाट घेऊन आला. वेताच्या खुर्चीत कोणी बसेना. एकीवर कोमट पाण्यातल्या वालांचे पातेले ठेवले गेले. बाकीच्यांनी फरशीवर, उलट्या बादलीवर, कुंडीच्या रिकाम्या घडवंचीवर बैठक मारली. एवढ्या काळजीने काढलेला उतार कोणाच्या ध्यानातही आला नाही. कठड्यावर सान्वीने आपला स्वेटर टाकला.

“ताई, येताय ना?” रतनबाईंनी आत पाहून हाक दिली.

“तुम्ही चालू द्या गं. मी इथून ऐकते,” प्रमोदिनीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

बाळ टिपणीस दाराच्या आत उभे होते. हात पुढे करावा असे त्यांना वाटले. त्यांनी तो मागेच ठेवला.

गप्पा सुरू झाल्या. प्राचीच्या ऑफिसातल्या साहेबाची नक्कल झाली. गल्लीतून जाणारी एक बाई भिंतीपाशी थांबली, “काय चाललंय ओ?” म्हणाली आणि वळसा घालून तीही आत आली. एवढ्यात रतनबाईंनी वालाचा एक दाणा नखाने चिरडला. मग दुसरा. मग तिसरा, आणि ताटात पिठूळ तुकडे पडू लागले.

“आजी, तू तर मोडतेयस सगळे!” सान्वी ओरडली.

“असूदे गं. तुकड्यांचं पण बिरडं होतं.”

आत भांडे आपटले.

“तुकड्यांचं?” प्रमोदिनीबाईंचा आवाज दाराशी आला. “रतन, इतकी वर्षं माझ्याबरोबर वाल सोलतेस आणि नखानं सोलतेस? दोन बोटांत धर, शेंड्याकडून दाब, दाणा आपण होऊन सुटतो!”

“मग दाखवा ना, ताई. मी विसरलेच बघा.”

वॉकरचे पुढचे पाय फरशीवर आले. मग डावा पाय, मग उजवा. उंबरठा जिथे होता, तिथे प्रमोदिनीबाई क्षणभर थबकल्या. मग रतनबाईंच्या ताटाकडे डोळे लावून तशाच पुढे निघाल्या. उतारावर त्यांचा हात आपोआप कठड्यावर गेला, स्वेटरसकट. कोणीही उठून आधार दिला नाही. कोणी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. रतनबाई तर मान खाली घालून आणखी एक दाणा मोडत होत्या.

मोकळ्या खुर्चीत त्या बसल्या. पाय टेकले, गुडघे बरोबर काटकोनात आले.

“आण इकडे ताट,” त्या म्हणाल्या. “आणि अहो, तुम्ही दारात काय उभे? पातेलं उतरवा त्या खुर्चीवरून. नाहीतर खालीच बसा.”

बाळ टिपणीस खाली बसले. महिपतने आपला पाट अर्धा सरकवून दिला. पहिला दाणा त्यांच्या बोटांतून निसटून थेट गल्लीत गेला, आणि सगळे हसले.

वाल संपायला अंधार पडला. बिरडे सहा घरी गेले. रात्री आराखड्याच्या कागदावर त्या कोऱ्या माणसाशेजारी बाळ टिपणिसांनी पेन्सिलने आणखी माणसे काढली. कोणी खाली बसलेले, कोणी वाकलेले, माप कोणाचेच बरोबर नाही. मग कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी लिहिले: खुर्च्या २, माणसे ९.