कुंडलिकचं मडकं

"खा की बाबा. विलायती हाय," कुंडलिक मडक्यात तोंड घालून म्हणाला.

मडक्यात वीतभर माती होती, मातीत एक साप होता आणि सापापुढे एक जाडजूड गुलाबी गांडूळ वळवळत होतं. साप खापरखवल्या जातीचा. लांबीला हातभरही नाही, फणा नाही, विष नाही, आणि शेपूट असं की कुणीतरी कुऱ्हाडीने तोडून वर खापराचा तुकडा चिकटवलाय. जमिनीखाली राहायचं आणि गांडुळं खायची, एवढाच त्याचा प्रपंच. समोरचं गांडूळ बघून त्याने तोंड फिरवलं.

"माज बघा ह्येचा," कुंडलिक म्हणाला.

कुंडलिक भोरला एका वकीलसाहेबांच्या बंगल्यात माळी होता, पण पावसाळ्यापुरताच. उन्हाळ्यात झाडं आपली आपण मरत, त्याला माळी लागत नसे. वकीलसाहेबांनी हौसेने विलायतेहून बोटीने गुलाबाच्या कुंड्या मागवल्या होत्या. गुलाब पहिल्याच उन्हाळ्यात गेले. कुंड्यांच्या मातीतून आलेली गांडुळं मात्र राहिली, पोसली, आणि बागेतली गावठी गांडुळं बघता बघता नाहीशी झाली. बंगल्यात कुणाला त्याचं सुतक नव्हतं. सुतक आलं ते जावयांना. ते पुण्याला कॉलेजात प्रोफेसर होते. राजगडाच्या पायथ्याला, पालीच्या रानात, दगड उलथताना त्यांना हा साप सापडला, आणि तेव्हापासून त्यांना झोप नव्हती. गावठी गांडुळं संपली तर हा साप विलायती खाऊन जगेल का?

त्यांनी साप कुंडलिकच्या हवाली केला. दसऱ्यापर्यंत विलायती गांडुळांखेरीज काही घालायचं नाही. साप जगला तर कुंडलिकला कॉलेजात शिपाई करायचं. खाकी कोट, पितळी बिल्ला, राहायला खोली.

त्या बिल्ल्यावर कुंडलिकचा संसार अडला होता. बायको बयाबाई कामथडीला माहेरी जाऊन राहिली होती. भांडण नव्हतं, तंटा नव्हता. फक्त तिचा भाऊ रखमाजी म्हणाला होता, "दाजी, मानूस तुमी लई चांगलं. पन चांगलं मानूस काय तव्यावर भाजून खायाचं? बारमाही चाकरी बघा, मग धाडतो."

म्हणजे सापाने गांडूळ खाल्लं की एक बाई नांदायला येणार, अशी ती व्यवस्था होती.

आठवडाभर साप रुसून बसला. मग एका दुपारी कुंडलिक थेट वकीलसाहेबांच्या माजघराच्या दाराशी धावत गेला.

"खाल्लं, सायेब!"

"कोणी? काय?" साहेब पानावर बसले होते.

"सापानं. गांडूळ. आक्कं गिळलं, शेवईवानी."

साहेबांनी शेवयांची खीर बाजूला सारली.

त्यानंतर साप विलायतीला असा सोकावला की अंगावर तकाकी आली. कुंडलिक रोज बाग उकरी, आणि उकरता उकरता बिल्ला छातीच्या डाव्या बाजूला लावायचा की उजव्या, याचा विचार करी.

मग नागपंचमी आली. पंचमीला बायका माहेरी जातात. बयाबाई माहेराहून सासरी आली. कुंडलिकच्या घरात जिता नाग आहे आणि त्याच्या खाण्यापिण्याकडे पुण्याचा साहेब बघतो, ही बातमी कामथडीपर्यंत गेली होती. भिंतीवर काढलेला नाग सगळ्याच पुजतात. जिता नाग पाळणारा नवरा पंचक्रोशीत तिचाच. हिरवा चुडा भरून, गल्लीतल्या बायका मागे घेऊन, हातात दुधाचा गडू धरून ती दारात उभी राहिली.

शेजारची ठकुबाई मडक्यात वाकली. "अगं बये, ह्येला फना कुटंय?"

"शेपटाला आसंल," बयाबाई तोऱ्यात म्हणाली. "पुन्याच्या सायबाचा हाय त्यो. साधा न्हवं."

कुंडलिकने मडक्यावर हात आडवा धरला. "बये, ह्यो दूद पीत न्हाई. मातीतलं जनावर हाय, बुडंल."

"अवं, पंचमीचा देव उपाशी ठिवायचा?"

"त्येचं जेवान झालंय."

बायका फिसकन हसल्या. बयाबाईच्या तोंडावरचा तोरा उतरला. लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या नावावर चार बायका तिच्यामागे कधी चालल्या नव्हत्या. ती पुढे झाली आणि हळूच म्हणाली, "माजी शोभा करू नगा. म्या समद्यास्नी सांगून आणलंय."

कुंडलिकने मडक्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. मग हात काढून घेतला.

प्रत्येकीने आपापला गडू ओतला, हळदकुंकू वाहिलं, लाह्या टाकल्या. मडक्यात दुधाचा चिखल झाला. माती बदलायची तर ती उकरायला हवी, आणि पंचमीला कुणी माती उकरत नाही. बयाबाईच्या देखत खुरप्याला हात लावण्याची सोय नव्हती. ती दिवसभर चुलीपाशी गाणी म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, "बिल्ला लागला की कायमची येते," असं हसत सांगून ती गेली. ती वळणाआड होईपर्यंत कुंडलिक दारात उभा राहिला. मग आत येऊन त्याने मडकं उपसलं. साप मेला होता. गांडुळं मजेत होती.

प्रोफेसर आले. साप चिमट्याने उचलून त्यांनी स्पिरिटच्या बाटलीत सोडला.

"खात होता ना रे?"

"व्हय, सायेब. चांगला खात हुता."

"आणि तरी मेला." त्यांनी माती हुंगली. "हा आंबूस वास कसला?"

खरं सांगितलं असतं तर प्रोफेसरांनी दुसरा सापही आणून दिला असता. माणूस दिलदार होता. पण खरं काय, तर बयाबाईने पंचमीच्या दिवशी, गल्लीच्या साक्षीने, नाग मारला. हे कामथडीला पोचलं असतं तर तिला पाणवठ्यावर कुणी शेजारी उभं केलं नसतं.

"विलायती गांडुळांचाच वास आसंल, सायेब," कुंडलिक म्हणाला. "बाधली त्येला."

प्रोफेसरांचा चेहरा उजळला. त्यांना पहिल्यापासून तसंच वाटत होतं. त्यावर त्यांनी निबंध वाचला, पुण्यात टाळ्याही पडल्या म्हणे. बिल्ल्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

कामथडीला कुंडलिकने निरोप धाडला: साप खुशाल आहे, दसरा जरा लांबला. रखमाजीने उलट निरोप दिला की दसरा लांबल्याचं त्याच्या ऐकण्यात नाही.

कुंडलिकने मडकं मात्र फोडलं नाही. कोपऱ्यात ठेवलं. वर्षभर त्यात ओली माती घातली, शेण घातलं, बागेतली गुलाबी गांडुळं आणून सोडली.

पुढच्या पंचमीला बयाबाई आली. मागे बायका होत्या, गेल्या वर्षीपेक्षा जास्तच.

"दिसंना कसा गं?" ठकुबाईने विचारलं.

"लाजतो," कुंडलिक म्हणाला.

बयाबाईने दूध ओतलं. क्षणभर काही झालं नाही. मग दुधाखालची माती हलली, फुगली, बुडबुडे आले.

"प्याला गं, प्याला!" बायका ओरडल्या.

बयाबाईने वळून नवऱ्याकडे पाहिलं. वर्षातला तेवढा एकच दिवस ती तशी पाहत असे. कुंडलिकने डोक्याचं मुंडासं सारखं केलं आणि तिच्या शेजारी उभं राहून गांडुळांना हात जोडले.