मागून घेतलेली भाकरी

विश्रामबागच्या डॉक्टरांनी आमच्या यांना, नानासोंना, बजावलं, “साखर वाढलीय. एका वेळी एकच भाकरी.” हे फौजेतले सुभेदार, हुकूम पाळणारे. “ठरलं,” म्हणाले. मीही विश्वास ठेवला.

गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे मी बाहेरच्या खोलीत कॉटवर पडून, माझं ताट तिथंच यायचं. स्वयंपाकघरात यांना सून रेश्मा गरम भाकरी वाढायची आणि रोज यांचा आवाज यायचा, “रेश्मा, आणखी एक टाक गं.” मी इकडं जळफळायची.

“आवं, जीव नकोसा झालाय व्हय?”

“भूक लागती, काय करू?” वर हसायचे.

रेश्माला दटावलं, तर मान खाली घालून म्हणाली, “आबा मागत्यात, आई.” पोरगी आटपाडीची, अबोल. नवरा, म्हणजे आमचा ऋषिराज, कोइमतूरला सोनं गाळायच्या दुकानात. दिवाळीनंतर घेऊन जातो म्हणाला होता, अजून खोली मिळत नव्हती.

पुढच्या तपासणीत साखर आणखी वाढली. साखरेनंच माझ्या भावाचा पाय गेला होता. मी घाबरले. यांना रंगेहाथ पकडायचंच म्हणून दुसऱ्या दिवशी वॉकर धरून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले.

यांची एक भाकरी संपली होती. रेश्मानं गॅस बंद केला. परातीत पीठ तसंच.

“आन तू?” यांनी विचारलं.

“भूक न्हाई, आबा.”

“मग मला आणखी एक टाक.”

तिनं तवा पुन्हा तापवला. यांनी भाकरी मोडली, अर्धी पिठल्यासकट तिच्यापुढं सरकवली. “सगळी मला जायची न्हाई, आन फौजेत अन्न टाकून देत न्हाईत. खा.”

ती खाली बसून खाऊ लागली. तिचं होईपर्यंत हे आपली अर्धी सावकाश चघळत राहिले. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि रडू आलं.

“मला सांगायचं न्हाई व्हय?” मी दारातूनच म्हटलं.

“तू तिला वरडली असतीस. वरडून घास गिळतोय व्हय?”

खरंच ओरडले असते. आमच्यात सुनेनं सगळ्यांच्या मागून जेवायचं. मीही तशीच जेवत आले, पण माझ्या सोबतीला जावा होत्या. ही एकटीच, आणि एकटीसाठी तवा तापवायला हिचं मन घेत नव्हतं.

संध्याकाळी मी माझं ताट आत मागवलं आणि रेश्मालाही वाढून घ्यायला लावलं. तिघं एकदम बसलो. ऋषिराजच्या फोनचं सांगता सांगता तिनं आपली भाकरी संपवली आणि टोपलीतली दुसरी स्वतःच घेतली.

यांनी ताटावर हात आडवा धरला. “माजं झालं,” म्हणाले.