लेबल नसलेली बाटली

"हीच ती! डोळे मिटून सांगतो!" माझा नवरा हार्टविग तळघरातून ओरडला आणि माझं डोकंच फिरलं.

तीन दिवसांपूर्वी नदी आमच्या तळघराच्या छताला टेकली होती. उतरताना गुडघाभर चिखल ठेवून गेली, वर तेलाच्या टाकीचा वास. सकाळपासून गाव जिन्यात रांग लावून बादल्या वर देत होतं.

आमची लेक फ्रीडरीके जन्मली त्या साली हार्टविगनं तिच्या नावाच्या बारा बाटल्या भरून ठेवल्या होत्या. आमच्याकडे मुलीची वाइन तिच्या लग्नातच उघडतात, आणि पहिला पेला बाप भरतो. लग्न परवावर आलेलं, आणि जुन्या वाइनचं अख्खं फडताळ कोसळून चक्काचूर झालेलं. एकच बाटली धड निघाली, तिचंही लेबल धुऊन गेलेलं. लेकीची की दुसऱ्याच सालाची, कोण सांगणार?

"मी सांगतो ना! रंग बघ!" हार्टविगनं ती बल्बसमोर धरली.

"तू? घरचं व्हिनेगर पाहुण्यांना वाइन म्हणून वाढलंस तो तू?"

सगळी रांग खो खो हसली. मला मात्र हसू येईना. बुचावर साल छापलेलं असतं आणि लग्नात ते बूच हातोहात फिरतं. भलतंच साल निघालं तर पोरीनं तोंड कुठं लपवायचं? मी बाटली हिसकावली, नळाखाली धुतली आणि तो "अगं, थांब!" म्हणेपर्यंत बूच ओढलंसुद्धा.

एकोणीसशे चौऱ्याण्णव! लेकीचंच साल!

"निघाली! आपलीच निघाली!" मी चिखलात नाचायला लागले. कुणीच नाचेना. मग मी हार्टविगकडे पाहिलं.

"उघडलीस की," तो म्हणाला. "एवढी जुनी वाइन परवापर्यंत कशी राहील? हवा लागली, आता रात्रीपर्यंत चव मरेल तिची."

मी पायरीवर बसून रडायलाच लागले. एकुलती एक बाटली, आणि मीच मेलीनं घालवली!

"आई, रडतेस काय?" कोपरापर्यंत माखलेली फ्रीडरीके पुढं आली. "लोरेंत्स, ठेव ती बादली!" तिनं नवरदेवाला हाक मारली. "फादर, परवाचं आज उरकता का?"

लग्नाच्या नोंदणीच्या कचेरीतल्या सह्या गेल्या महिन्यातच झाल्या होत्या. राहिला होता तो चर्चचा आशीर्वाद, आणि तो देणारे फादर बुर्कहार्ट रांगेत सहावे उभे होते.

"आजच करू की! चर्चमध्ये तरी चिखलात कुठं पाय ठेवायला जागा आहे?" त्यांनी हात पँटीला पुसले.

मग काय विचारता! कुणी पेला धुवायला पळालं, कुणी अंगणातून फुलं ओरबाडून आणली, शेजारीण तर फावडं हातात धरूनच गायला लागली. जिना माणसांनी फुलून गेला. रबरी बुटांतच दोघांनी "हो" म्हटलं.

हार्टविगनं पहिला पेला भरला, लेकीच्या हातात दिला, आणि परवासाठी राखून ठेवलेलं रडू त्याला तिथंच, सगळ्या गावासमोर फुटलं.