ठोकून पाहिलेल्या मोटारी

"मावशी, एक काम होतं," झाडू भिंतीला टेकवत क्रेनवाला म्हणाला. "जरासं खोटं बोलायचंय."

मावशीनं पंपाची जुनी मोटार पायाशी ओढून घेतली. "सकाळी सकाळी?"

"आज शाळेची मुलं येणारेत यार्ड बघायला. माझी पोरगी आहे त्यांच्यात. बाबा वर क्रेनमध्ये बसतात, असं वर्गभर सांगून ठेवलंय तिनं. मी त्या पत्र्यांच्या ढिगामागे थांबतो. तिनं विचारलंच तर म्हणा, आज दुसऱ्या यार्डात पाठवलंय."

"घरी बोलला नाहीस?"

"काय बोलू? बढती मिळाली, झाडू दिला?" तो हसला. "तुम्ही सांगितलंत की कुणाला शंका यायची नाही."

"बरं," मावशी म्हणाली.

भंगारातलं लोखंड भट्टीत जायच्या आधी मावशीच्या हाताखालून जायचं. गळ्यात दोरीला बांधलेलं चुंबक, हातात छोटी हातोडी, कानावर खडू. मोटारीच्या पोटात तांब्याची तार शिल्लक आहे की काढून घेतलेली आहे, हे ती न उघडता सांगायची. हातोडीचा एक टोला. रिकामी मोटार गायची, भरलेली नुसती हुं म्हणायची. रिकामीवर खडूची फुली, की ती पास. बावीस वर्षांत एक फुली चुकली नव्हती.

दीड वर्षापूर्वी मोटारींनी गाणं बंद केलं. सगळ्याच हुं म्हणू लागल्या. उघडून पाहाव्यात तर दहातल्या सात रिकाम्या निघत. सुपरवायझर म्हणाला होता, "काय मावशी, आता स्वतःच्या हातोडीवरही भरवसा नाही?" सगळे हसले, तीही हसली. त्या दिवसापासून तिनं उघडणं सोडलं आणि अंदाजानं फुल्या मारायला लागली. क्रेनवाला रोज सकाळी, यंत्रं सुरू व्हायच्या आत, वरून तिला शीळ घालायचा आणि ती मान वर न करता हात हलवायची. तेही आता केबिनची सावली हलली की, अंदाजानंच.

गेल्या महिन्यात भट्टीतून निघालेल्या सळ्या गरम असतानाच तडकल्या. लोखंडात तांबं सापडलं. चौकशी झाली. मावशीच्या ढिगाकडे कुणी पाहिलंही नाही. क्रेनवाल्यानंच शेजारचा, न तपासलेला ढीग उचलला असणार, असं ठरलं. त्याला क्रेनवरून उतरवलं. तो शपथा घेत होता तेव्हा मावशी चार हातांवर उभी होती आणि खडूनं बोटं पांढरी करत होती.

दहाच्या सुमारास मुलं आली. लॅबवाल्या मॅडम त्यांना समजावत होत्या. "खाणीतला दगड फोडून लोखंड काढायचं तर डोंगर पोखरायचा, कोळसा जाळायचा, धूर हवेत सोडायचा. हेच जुनं लोखंड वितळवलं तर त्याच्या निम्म्याहूनही कमी ऊर्जा लागते. आणि कितीही वेळा वितळवा, लोखंड म्हातारं होत नाही."

"मग काहीही टाकलं तरी चालतं?" एका मुलानं विचारलं.

"तांबं सोडून. बाकीचं बरंचसं जळतं, नाहीतर मळी होऊन वर तरंगतं. तांबं एकदा मिसळलं की भट्टीत निघत नाही. मग त्यात भरपूर स्वच्छ लोखंड घालून ते पातळ करायचं. जात नाही ते, फक्त पसरतं."

दोन वेण्या घातलेली एक मुलगी मान मागे टाकून क्रेनच्या केबिनकडे बघत होती. "ते माझे बाबा नाहीत," ती मैत्रिणीला म्हणाली आणि सरळ मावशीपाशी आली. "आजी, माझे बाबा कुठायत?"

"आजी नाही, मावशी. इथे सुपरवायझरही मावशीच म्हणतो." मावशीनं चुंबक उगाच चाचपलं. "त्यांना आज दुसऱ्या यार्डात पाठवलंय."

"बघ," मुलगी मैत्रिणीकडे वळली. "त्यांना सगळीकडे बोलावतात."

मॅडमनी दोन मोटारी मागवल्या. "आता मावशी तुम्हाला जादू दाखवतील. यातल्या एकीत तांबं आहे."

मावशीनं पहिलीवर टोला दिला. हुं. दुसरीवर दिला. हुं. ती पुन्हा खाली वाकली, पुन्हा ठोकलं.

"ही भरलेली," तिनं दुसरीवर हात ठेवला.

"पण ही तर गातेय," वेण्यांवाली म्हणाली. "बाबांनी शिकवलंय मला. रिकामी गाते."

मुलं खिदळली. मॅडम पटकन म्हणाल्या, "अरे, मावशी मुद्दाम चुकल्या. तुमचं लक्ष आहे का ते बघत होत्या. हो ना, मावशी?"

नुसती मान हलवायची होती. मावशीनं हातोडी जमिनीवर ठेवली.

"मुद्दाम नाही, मॅडम. बोललेलं कळतं, पण तो बारीक सूर मला ऐकूच येत नाही. दीड वर्ष झालं." मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू जायला थोडा वेळ लागला. "मागच्या महिन्यातल्या मोटारी मी न उघडता, नुसत्या अंदाजानं पास केल्या होत्या. क्रेननं बरोबर ढीग उचलला होता. माझाच ढीग."

मग ती मुलीकडे वळली. "तुझे बाबा दुसऱ्या यार्डात नाहीत. माझी चूक त्यांच्या अंगावर गेली, आणि मी जाऊ दिली."

मुलगी तिच्याकडे बघत नव्हती. मागे काहीतरी ऐकून ती पत्र्यांच्या ढिगाकडे वळली होती. ढिगाआडून क्रेनवाला बाहेर आला. हातातला झाडू कुठे ठेवावा ते त्याला सुचत नव्हतं.

"मावशी," तो जवळ येऊन हळू म्हणाला. ते शब्द तिनं त्याच्या ओठांवरून वाचले. "एवढंच तर मागितलं होतं तुमच्याकडे."

मुलीनं त्याच्या हातातला झाडू घेतला आणि मोटारीला टेकवून ठेवला. मावशीकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.

आठ दिवसांनी क्रेनवाला पुन्हा वर चढला. मावशीला काढलं नाही. मॅडमनी शब्द टाकला होता, तो तिला मारापेक्षा जास्त लागला. हातोडी तिनं कपाटात जमा केली. आता ती प्रत्येक मोटार पान्यानं उघडते. एका मोटारीला चार बोल्ट, त्यातला एक हमखास गंजलेला. रिकामी निघाली तरी आत हात घालून बघते.

सकाळी, यंत्रं सुरू व्हायच्या आत, केबिनची सावली तिच्या अंगावरून पुढे सरकली. सवयीनं तिचा हात वर गेला आणि अर्ध्यातच थांबला. शीळ आली की नाही, तिला कळलं नाही. वर बघितलं असतं तर कळलं असतं.

तिनं पाना चौथ्या बोल्टला लावला.