माझ्या तोंडातला बोळा

मी एक जुना शब्द आहे. माझं नाव अलार्म. मित्रांनो, तुम्ही मला रोज सकाळी उशाशी गप्प करता, कूस बदलता आणि पुन्हा झोपता. त्याचा मला राग नाही. पण मी जन्माने घड्याळातला नव्हे, माणसाच्या तोंडातला आहे.

जुन्या इटालियन भाषेत मी सैनिकांची आरोळी होतो. शत्रू दिसला की पहारेकरी ओरडायचा, ‘शस्त्रांकडे धावा!’ तोच मी. पुढे फ्रेंच लोकांच्या ओठांवरून मी इंग्रजीत गेलो. तिथे आधी त्या हाकेला, मग ती ऐकून पोटात उठणाऱ्या गोळ्याला माझं नाव पडलं. घंटा आणि घड्याळं माझ्या वाट्याला त्यानंतर आली. खरं सांगतो, मी भीतीतच वाढलो. शत्रूची भीती कधीच सरली, आता उरली आहे ती कोणीच न ऐकण्याची.

फळं साठवण्याच्या एका शीतगृहात मी दारावरच्या घंटेत राहतो. आत माणूस अडकला तर त्याने लाल बटण दाबायचं आणि मी बाहेर ठणाणा करायचा, एवढंच माझं काम. पण क्रेट रचताना बटणाला धक्के लागत आणि मी उगाच कोकलत असे. वैतागून मुकादमाने घंटेत आपल्या जुन्या रुमालाचा बोळा कोंबला. सगळे हसले. मीच तेवढा घाबरलो.

तिथे एक नणंद आणि तिची भावजय फळं निवडायच्या. एका दुपारी भावजय क्रेट आणायला आत गेली. जड दार मागे आपोआप लागलं आणि आतली कडी बर्फाने धरली. तिने बटण दाबलं. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, पण बाहेर नुसती घरघर ऐकू गेली. ती दाबत राहिली. मित्रांनो, तिची बोटं गारठत होती, ते मला कळत होतं आणि माझ्या हातात काहीच नव्हतं.

“मुकादम, घंटा घरघरतेय का हो?” नणंदेने विचारलं.

“क्रेट लागला असेल. रोजचंच आहे.”

“आणि वहिनी कुठंय?”

“जेवायला गेली असेल की!”

“अहो, तिचा डबा तर इथंच आहे!”

हातातलं फळ टाकून नणंद बाहेर क्रेट उतरवणाऱ्या हमालांकडे पळत सुटली. “अलार्म वाजतोय! धावा! वहिनी आत आहे, धावा!”

कित्येक शतकांनी मी पुन्हा माणसाच्या तोंडात होतो.

आतली कडी गोठल्याने बाहेरचा दांडाही घट्ट बसला होता. सगळ्या हमालांनी मिळून ओढला तेव्हा कुठे दार हललं. भावजय दाराशीच बसली होती, ओठ निळे, बोट अजून बटणावर.

“वन्सं, मी कधीची दाबतेय,” ती पुटपुटली. “ऐकू नाही आलं का हो?”

नणंदेने तिला कवटाळलं. मुकादमाने स्टूल ओढलं. स्टुलावर चढून त्याने बोळा उपसून काढला.

क्रेटचे धक्के अजूनही लागतात आणि मी अजूनही उगाच ओरडतो. मुकादम चिडतो, मला शिव्या घालतो, पण उठतो आणि दार उघडून आत बघून येतो. मित्रांनो, माझं तुमच्याकडे तेवढंच मागणं आहे.